जागलीला पुण्याहून माणूस

डिसेंबरचा शेवटचा आठवडा वऱ्हाडात काढायचा हे आमचं गणपतीतच ठरलं होतं. दर्यापूर तालुक्यात, लेहगावकडून जरा आत, आमचं मूळ गाव. तिथे मोठे बाबा आणि मोठी आई, म्हणजे माझे थोरले काका-काकू, अजून शेती करतात. मी अमरावतीत वाढलो, आता पुण्यात असतो; बायको पक्की पुण्याची. लेक मुक्ता, वय पाच.

मुक्ता बोलते. झोप आणि ताप सोडला तर अखंड बोलते, आणि त्यातलं निम्मं झिंगरूशी. झिंगरू आगपेटीएवढा माणूस आहे. तो तिच्या उजव्या खिशात राहतो, फ्लशच्या आवाजाला घाबरतो आणि त्याचा भाऊ ढगांच्या ऑफिसात कामाला आहे. शाळेच्या वहीत 'वर्गात फार बोलते' हा शेरा आता छापील वाटावा इतक्या वेळा आलेला आहे. घरी आम्हीही दिवसाकाठी किती वेळा 'जरा हळू', 'जरा थांब' म्हणतो त्याचा हिशेब नाही.

शनिवार: बडनेरा, वलगाव, गाव

गाडीने पहाटे बडनेऱ्याला सोडलं. (नाताळच्या सुट्टीत पुण्याहून अमरावती-नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब असतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्याच सकाळी काढावं.) थंडी अशी होती की मुक्तानं झिंगरूला खिशातून काढून टोपीत ठेवलं. स्टेशनबाहेर पोहे खाल्ले. आम्ही वर तर्री घेतली, तिनं नुसते खाल्ले आणि पोहेवाल्या भाऊंना पुण्याच्या पोह्यांवर एक भाषण दिलं. त्यांनी ते हातातला झारा थांबवून ऐकलं.

मोठ्या बाबांनी गाडी पाठवली होती. वलगावला पेढी नदीच्या पुलावर ड्रायव्हरभाऊंनी स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावला. इथेच 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला. मुक्तानं विचारलं, ते कोण? मी सांगितलं, झाडू घेऊन गावं साफ करायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे.

"मोठ्या माणसांना प्रश्न? आणि कोणी रागवायचं नाही?"

"रागवतीन कायले?" ड्रायव्हरभाऊ म्हणाले. "तू इचार ना. पोहोचाले अजून तास हाय."

तिनं तास भरला. भाऊंनी एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' म्हटलं नाही. पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर एकाच वावरात का, बाभळीला काटे का, म्हशीला थंडी वाजते का, सगळ्याचं उत्तर दिलं. त्यातली काही खरी होती.

गावात शिरलो तेव्हा मोठे बाबा ओसरीवर ऊन घेत बसले होते. पंच्याहत्तरी उलटली आहे, बोलणं मुळातच कमी. लहानपणी मला त्यांची भीतीच वाटायची. मुक्ता त्यांच्यासमोर उभी राहून खिशाशी कुजबुजत होती.

"कोनासंग बोलून राह्यली वं माय?"

"झिंगरूशी."

"कुठी हाय?"

"खिशात."

आता इथे मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसतात, हा माझा अनुभव. मोठे बाबा वाकले, डोळे बारीक करून खिशात बघितलं आणि म्हणाले, "बारका हाय. जेवला का?"

मुक्ता चक्क गप्प झाली. मग म्हणाली, "नाही अजून."

"मंग त्याले भाकर दे पयले. आमच्या इथंबी होता एक. कोठ्यात राहे. बैलाइचं कुटार खाये."

"आता कुठे आहे तो?"

"अकोल्याले. नोकरीले लागला."

मोठ्या आईनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढला. ताटाच्या कडेला नखाएवढा भाकरीचा तुकडा वेगळा ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं.

रविवार: वावर आणि जागल

सकाळी बंडीतून वावरात गेलो. आता गावात बैलजोड्या थोड्याच उरल्यात. ट्रॅक्टरने कामं होतात, पण मोठ्या बाबांनी एक जोडी ठेवली आहे. कापसाची वेचणी चालू होती. कमरेला ओटी बांधून बाया ओळीने पुढे सरकत होत्या, दोन्ही हात एकाच वेळी चालत होते. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, म्हणून बोलायला कोणाला उसंत नसणार असं मला वाटलं होतं. उलट तिथे तोंडं हातांपेक्षा वेगात चालू होती. मुक्ता त्या ओळीत अशी मिसळली की आमची गरजच संपली.

"तुह्या झिंगरूले वेचाले लाव ना," एक मावशी म्हणाली. "दादा किलोमागं पैसे देतीन."

"त्याचे हात छोटे आहेत. तो एक एकच धागा काढतो."

"मंग त्याले एका बोंडाले संक्रांत येईन."

"चालेल. त्याला घाई नाही."

यावर अख्खी ओळ हसली. दुसरीनं लगेच तिच्या वावरातल्या रोह्याची गोष्ट सुरू केली. रोही म्हणजे नीलगाय. रात्री येऊन पीक खाते. हा रोही म्हणे आधी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून सातबारा वाचतो आणि कर्ज असलेल्याच्या वावरात शिरत नाही. "मंग तो उपाशीच राहत असन," पहिली मावशी म्हणाली. मुक्ता हसली नाही, कारण तिला कर्ज कळलं नाही. मी हसलो आणि मग मला ते फारसं हसण्यासारखं वाटलं नाही.

बरोबर लहान मूल असेल तर वावरात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पॅन्ट, मोजे आणि बंद बूट हवेत. फुटलेल्या बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी टोचतात. सकाळी नऊपर्यंत स्वेटर, अकरा वाजता टोपी आणि पाणी, असा या दिवसांतला दोन ऋतूंचा दिवस असतो. पाणी घरूनच न्यावं. का ते पुढे.

दुपारी मोठ्या आईनं पानगे केले. गव्हाच्या जाडसर कणकेचे गोळे थापून, पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरात भाजायचे आणि तूप घालून वांग्याच्या भाजीशी खायचे. चव भाजीइतकीच धुराची. मुक्ताला तिखट लागलं आणि मी बाटली शोधेपर्यंत तिनं बोअरच्या पाइपखाली तोंड धरलं. लगेच थुंकली.

"बाबा! समुद्र!"

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, हात-हात खोल, कापूस-तूर-हरभऱ्याला सोनं. पण खालचं पाणी खारट. ना पिण्याला, ना ओलिताला. आमच्या लहानपणी गोड्या पाण्याच्या विहिरीवर रांगा लागायच्या. आता नळाला शहानूर धरणाचं पाणी येतं आणि वावरात ज्यांना जमतं ते शेततळं खोदून पावसाचं पाणी धरतात. हे सगळं मी मुक्ताला सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि बाजूला ठेवलं.

"समुद्र आधी इथे होता. मग तो दमला आणि मातीखाली झोपला. कापूस म्हणजे त्याचा फेस आहे."

मोठे बाबा बिडी विझवत म्हणाले, "मंग लाटा काऊन येत नाई?"

"झोपलाय ना तो, आबा."

"हाव, ते बराबर. पन उन्हायात कूस बदलते. मे महिन्यात ये, जमीन अशी फाटते का कोपरापावेतो हात जाते आतमंदी."

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात ही भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. ती त्यांनी अशी बेमालूम तिच्या समुद्राला जोडून दिली की मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही. हे ते मुद्दाम तिला खूश करायला करत होते असं मला अजूनही वाटत नाही. समोरच्यानं एक गोठ, म्हणजे गोष्ट, सांगितली, आपण तिला एक लावायची, इतकाच तो व्यवहार होता.

रात्री जागल होती, म्हणजे पिकाची राखण. हरभऱ्यात रानडुकरं घुसतात. एक कळप रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो. म्हणून धुऱ्यावर लाकडी मचाण बांधलेलं. वर ताडपत्री, खाली शेकोटी, हाताशी बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा पिंप. मुक्तानं हट्ट धरला. बायकोनं अटी घातल्या: मचाणावरून खाली पाय ठेवायचा नाही, नऊ वाजता परत. (कोणाला असा मोह झालाच तर याच अटी पाळा, आणि गावातलं जाणतं माणूस सोबत नसेल तर जाऊच नका. डुक्कर अंगावरही येतं.)

वर बसलो. दूरच्या वावरांतून अधूनमधून 'हाऽऽऽ हुर्रऽऽ' अशी हाळी यायची आणि इकडून उत्तर जायचं. मोठ्या बाबांचा घसा बसलेला होता. दोनदा ओरडून त्यांना खोकला आला.

"ओरडाले मानूस पायजे आता," ते स्वतःशीच म्हणाले.

मुक्ता एकदम ताठ झाली. "मी ओरडू?" आणि माझ्याकडे वळून, अविश्वासानं, "खरंच? जोरात?"

"जितलं जमन तितलं," मोठे बाबा म्हणाले.

तिनं जे केलं ते लिहिण्याजोगं अक्षर देवनागरीत नाही. शेकोटीजवळ झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं. हरभऱ्याच्या पलीकडे कडब्यात खरोखर काही तरी धडपडत पळालं. आणि पूर्वेच्या वावरातून हाळी आली, "कोन वंऽऽ?"

"मुक्ताऽऽ! पुण्याहूनऽऽ!"

पुढचा तासभर ती अंधाराला डुकरांबद्दल आणि डुकरांना त्यांच्याबद्दल सांगत होती: तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही कुठे आहात, हा हरभरा आबांचा आहे, भूक लागली असेल तर दिवसा येऊन मागा, वगैरे. मोठे बाबा मधूनच पिंप वाजवून अनुमोदन देत होते. परत येताना ती बंडीतच झोपली. सकाळी गावात जो भेटेल तो म्हणत होता, "बुवाजीनं जागलीले पुण्याहून मानूस आनला म्हनते."

सोमवार: शकुंतला

सकाळी हुरडा. यापलीकडे दुपारपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. हुरड्याबद्दल लिहिणाऱ्यांची कमी नाही, तेव्हा मी थांबतो.

चारच्या सुमारास मोठे बाबा आम्हाला रुळांवर घेऊन गेले. मूर्तिजापूर ते अचलपूर ही नॅरो गेज, आमच्याकडची शकुंतला. दुसरा फाटा मूर्तिजापूरहून यवतमाळला. दोन्ही मिळून 190 किलोमीटरच्या आसपास. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणायचा, तिथून मुंबई आणि बोटीनं मँचेस्टर, यासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली. देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारी झाल्या तरी हा मार्ग एका खासगी कंपनीच्याच नावावर राहिला. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं, आणि आता काही वर्षांपासून गाडीच बंद आहे. ती पुन्हा रुंद होऊन सुरू व्हावी म्हणून इकडचे लोक मागण्या करत असतात.

रुळांवर गवत आणि बाभळी. मुक्तानं दोन रुळांत आडवं पडून मोजलं. डोकं एका रुळावर टेकवलं तर पाय दुसऱ्याच्या थोडे बाहेर.

"ही माझ्याच मापाची गाडी आहे."

मोठ्या बाबांनी मग सांगितलं. गार्डच तिकीट द्यायचा. कोणी धावत येताना दिसलं की गाडी थांबायची. पोरं उतरून बोरं वेचायची आणि पुन्हा चढायची. त्यांचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड याच गाडीनं अंजनगावला गेलं आणि बँडवाल्यांनी डब्यात इतका वाजवला की एका म्हातारीनं भांडण काढलं. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. मुक्ता एकही शब्द न बोलता ऐकत होती, तेही पहिल्यांदाच.

मग तिनं निर्णय सांगितला: गाडी बंद नाही. ती रात्री चालते. दिवसा ऊन लागतं म्हणून लपते.

तोवर गावातली पाच-सात पोरं मागे आलीच होती. त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. पळसाची पानं तोडून तिकिटं झाली. "काऊन वं, मी डायवर काऊन नाई?" यावरून एक चकमक झाली. शेवटी मुक्ता गार्ड, सर्वांत मोठा पोट्टा इंजिन, आणि झिंगरू स्टेशनमास्तर, कारण त्याला बसूनच काम करायला आवडतं. गाडी रुळांच्या कडेकडेनं निघाली ती अंधार पडेस्तोवर. माझी बायको मूर्तिजापूरला उतरवली गेली आणि तिला परतीचं तिकीट मिळालं नाही.

रुळांच्या गवतात थंडीतही काठी आपटत चालावं, एवढं ध्यानात असू द्या. स्टेशनांच्या जुन्या इमारतींत शिरू नये. छपरं कधी येतील सांगता येत नाही.

मंगळवार: अंजनगाव, बहिरम

मोठी आईही बरोबर निघाली. अंजनगाव-सुर्जीकडे जाऊ लागलं की खारं पाणी मागे पडतं आणि चित्र बदलतं: केळी, पानमळे, पुढे परतवाड्याकडे संत्र्याच्या बागा. समोर सातपुड्याची निळी रेघ. रस्त्यात इतिहास सांगायची हौस मी भागवून घेतली. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी समोरचा गाविलगड घेतला, नागपूरकर भोसल्यांनी दोन दिवसांनी देवगावला तह केला आणि 30 डिसेंबरला शिंद्यांनी इथे, सुर्जी-अंजनगावला.

"तह म्हणजे कट्टीनंतरची बट्टी?"

"साधारण."

"मग किल्ला कोणाकडे गेला?"

"भोसल्यांकडेच परत."

"मग घेतला कशाला?"

वऱ्हाडापासून कटकपर्यंत काय काय गेलं ते सांगेपर्यंत परतवाडा आला.

बहिरमची यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. परतवाडा–बैतूल रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी. लोक राहुट्या ठोकून मुक्कामाला येतात, हंडी विकत घेतात, तीन दगडांची चूल मांडतात आणि स्वयंपाक करतात. एका बाजूला हंडीतलं मटण, दुसऱ्या बाजूला रोडगे. आम्ही रोडगेवाले. कणकेचे पदर घालून केलेले मोठे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात, फोडून तुपात बुडवतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मोठ्या आईनं शेजारच्या राहुटीतल्या बाईला गोवऱ्या मागितल्या, तिनं गोवऱ्यांसोबत मुलं पाठवली, आणि मग जेवणं एकत्रच झाली. ते कुटुंब चांदूर बाजारकडचं. त्यांच्या आजोबांना मुक्तानं विचारलं की देव इतका शेंदूर का लावून घेतो. "थंडी वाजत असन बाप्पा," आजोबा म्हणाले, आणि स्वतःचं मफलर घट्ट केलं.

यात्रेत रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी जावं. शाकाहारी असाल तर विचारून बसावं, हंड्या सगळीकडे सारख्याच दिसतात. सुटे पैसे ठेवा, रेंजचा भरवसा नाही. मुक्काम परतवाड्याला केला. खोलीला गरम पाणी नव्हतं, एवढंच.

बुधवार: चिखलदरा

घाटाला वळणं भरपूर. मुलांना पोटभर खायला घालून निघू नये, निंबू आणि पिशवी हाताशी ठेवावी. चिखलदरा 1118 मीटरवर; विदर्भात कॉफी पिकते ती इथे. कीचकाला भीमानं मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा, आणि भीमानं हात धुतले ते भीमकुंड, अशी गोष्ट सांगतात. मुक्ताला भीमाचं कौतुक वाटलं नाही. पाण्यात हात धुतले तर खालच्या गावांचं पाणी खराब झालं असेल, असं तिचं म्हणणं. खारपाणपट्ट्यातून आलेल्या मुलीला पाण्याची काळजी असणारच.

पंचबोल पॉइंटला धुकं होतं. दरी दिसत नव्हती, नुसतं पांढरं. मी म्हटलं, ओरड, दरी उत्तर देते.

"झिंगरूऽऽ!"

"...झिंगरूऽ ...गरूऽ ...रूऽ"

ती खूश. मग तिनं नेहमीप्रमाणे लांबण लावली: आम्ही पुण्याहून आलो, रविवारी डुकरं पळवली, काल रोडगे खाल्ले. प्रत्येक वाक्याच्या शेपटीवर दरी बोलायला लागली. दोन-तीन वाक्यं तिनं सहन केलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी बोलतेय ना? मधे मधे बोलायचं नाही!"

"...बोलायचं नाहीऽ ...नाहीऽ"

बायको कठड्याला धरून हसत होती. तो तिचाच आवाज होता, सुरासकट.

पॉइंटजवळच्या चहाच्या टपरीवर मालकीणबाईंची मुलगी होती, मुक्ताच्याच वयाची. घरात कोरकू बोलतात. ही भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. तिची नाती झारखंडातल्या मुंडारी, संथाळीशी. त्या मुलीला मराठी थोडंच येत होतं, मुक्ताला कोरकू शून्य. दोघी टपरीमागे बसून अर्धा तास बोलल्या. मी कान दिला. एक एका भाषेत, दुसरी दुसरीत, आणि मधेच हसणं.

"काय बोललात गं?" बायकोनं विचारलं.

"तिच्याकडेपण एक आहे. पण तो खिशात नाही राहत, केसांत राहतो."

"तुला कसं कळलं?"

"तिनंच सांगितलं ना."

टपरीवरची रबडी घ्या. गाविलगडच्या डोंगरात गवळ्यांची जुनी वस्ती आहे, दूध चांगलं मिळतं. किल्ला पाहायचा तर सकाळीच जा. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन अर्धाही होत नाही. आम्ही दरवाजापाशीच वळलो आणि गावी परतलो.

गुरुवार: ढग

या दिवशी काही करायचं नव्हतं. सकाळी उठलो तर आभाळ भरलेलं. पुण्यात अशा हवेला छान म्हणतात. इथे ओसरीवर कोणी बोलत नव्हतं. फुटलेला कापूस झाडावर भिजला तर रंग जातो आणि भाव पडतो. तुरीच्या शेंगांत अळी वाढते. मोठे बाबा दर पाच मिनिटांनी अंगणात येऊन वर बघत होते. मी आणि सालदार मिळून अंगणातल्या कापसाच्या ढिगावर ताडपत्री ओढली, कडांना दगड ठेवले. पावसाआधीच्या त्या शांततेत मुक्ताचा आवाज तेवढा चालू होता, आणि मी 'जरा थांब' म्हणणार एवढ्यात मोठे बाबाच तिच्यापाशी बसले.

"काय वं माय, झिंगरूचा भाऊ ढगाइच्या हापिसात हाय ना?"

"हो."

"मंग फोन लाव ना त्याले. म्हना, आमच्या इकडचे ढगं हटवा. दोन दिवस थांबा म्हना, वेचणी होऊ द्या."

तिनं खिशातून झिंगरूला काढलं, हात कानाला लावला. बराच वेळ 'हो', 'हो', 'अच्छा' चाललं. म्हातारा माणूस तिच्या तोंडाकडे बघत बसलेला. खेळात असतो त्याहून जास्तच बघत होता, असं मला वाटलं.

"आबा, तो म्हणाला साहेब सुट्टीवर आहेत."

मोठे बाबा क्षणभर थांबले आणि मग असे हसले की खोकल्याची उबळ आली. "सगयी हापिसं सारखीच!" ही गोठ त्यांनी दुपारपर्यंत आल्यागेल्या प्रत्येकाला सांगितली. तहसीलला चकरा मारून आलेला एक शेजारी तर म्हणाला, "निदान त्याइनं फोन त उचलला."

संध्याकाळी चार थेंब आले आणि ढग पूर्वेला सरकले. मुक्तानं याचं श्रेय घेतलं नाही. साहेबांच्या जागी दुसरे साहेब आले असतील म्हणाली.

शुक्रवार: परत

मोठ्या आईनं बांधून दिलेलं: घरची तूरडाळ, हरभऱ्याची डाळ, ज्वारी, ठेच्याची बरणी. (परतीच्या प्रवासात एक रिकामी पिशवी ठेवाच. नाही म्हणण्याचा उपयोग होत नाही.) निघताना मोठ्या बाबांनी मला कापसाच्या भावाबद्दल दोन वाक्यं सांगितली आणि मुक्ताला डुकरांबद्दल वीस. घसा बरा झाला नाही तर बोलावीन, असंही.

बडनेऱ्याहून गाडीत समोरच्या बाकावर अकोल्याला उतरणारे एक गृहस्थ होते. मुक्तानं त्यांना मूर्तिजापूर यायच्या आत जागल, बहिरम आणि भांडखोर दरी सगळं सांगून टाकलं. मग म्हणाली, "आणि आम्ही शकुंतलेत बसलो."

ते एकदम सावरून बसले. माझ्याकडे बघून विचारलं, "सुरू झाली का? कवा?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं.

"रात्री चालते," मुक्ता म्हणाली. "दिवसा नाही. मी गार्ड आहे."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्यांचं आजोळ पथ्रोटचं निघालं, त्याच रुळांवरचं. "मंग एक तिकीट पायजे होतं पथ्रोटचं," ते म्हणाले. "भेटन का?"

मुक्तानं खिशात डोकावून स्टेशनमास्तरला विचारलं आणि मान हलवली.

"वेटिंग आहे."